फितुरीची फिर्याद

ज्या कलावंताने उमेदीच्या काळात लोखंडी पत्रे बडवून श्रोत्यांच्या सहनशक्तीची कसोटी पाहिली, तोच पुढे चित्रपटांना पार्श्वसंगीत देऊ लागला की जुन्या चाहत्यांच्या दरबारी फितुरीची फिर्याद ठरलेलीच. ग्रॅम रेव्हेल यांच्या बाबतीत मात्र ती दाखल करून घेण्यापूर्वी दफ्तर नीट तपासावे, असे मला वाटते.

मूळचे न्यूझीलंडचे हे गृहस्थ सिडनीच्या कॅलन पार्क मनोरुग्णालयात परिचारक होते. तेथील एका सहकाऱ्यासमवेत त्यांनी १९७८ साली ‘एसपीके’ हा वाद्यसंच उभारला, आणि त्याची आद्याक्षरे उचलली ती हायडेलबर्ग येथील मनोरुग्णांच्या समाजवादी संघटनेच्या नावावरून. त्यामुळे ‘लाइखेनश्राय’ (१९८२) या ध्वनिमुद्रिकेतील कर्कशता हा नुसता उच्छाद नव्हे. ज्यांचे बोलणे रुग्णालयाच्या कागदोपत्री केवळ लक्षण म्हणून नोंदले जाते, त्यांच्या बाजूने दिलेली ती जबानी होती. (ती सलग ऐकवत नाही, हेही खरेच.)

परंतु गोंगाटात दीर्घकाळ वावरलेल्या कानाला चालीवाचूनही नादाचे पोत, त्याची घनता आणि त्याचे अंतर ओळखता येऊ लागते. १९८६ साली रेव्हेल यांनी कीटकांचे आवाज गोळा करून, सिडनीतच निर्माण झालेल्या फेअरलाइट या संगणकीय वाद्यात ते भरून, त्यांची गती व पट्टी पालटून ‘द इन्सेक्ट म्युझिशियन्स’ रचले. त्याच वर्षीच्या ‘झामिया लेहमानी’मध्ये धातूचे प्रहार मागे सरून बायझंटाइन छायेचे मंदगती नाद पुढे आले, आणि त्यातीलच एका रचनेवर ‘डेड काम’ (१९८९) या चित्रपटाचे पार्श्वसंगीत उभे राहिले. अथांग सागर, शिडाच्या दोन नौका आणि तीन माणसे एवढ्याच सामग्रीच्या त्या कथेला गोड सुरावट काय कामाची? तेथे हवी होती श्वासाच्या लयीवर हलणारी धास्ती, आणि ती मनोरुग्णालयाच्या त्या जुन्या परिचारकापाशी आयती सिद्ध होती.

पुढे ‘द क्रो’ (१९९४) आले, हॉलिवूडचा राबता वाढला, आणि मुदतींचा अंमलही. २००१ च्या ‘लारा क्रॉफ्ट: टूम रेडर’चे काम दुसऱ्या संगीतकाराकडून काढून त्यांच्याकडे आले ते इतक्या आयत्या वेळी, की तेथे नादाची पारख करण्यास फुरसत नव्हती आणि ते ऐकूही येते. फिर्याद दाखल करायचीच असेल तर या मामल्यात करावी. प्रतिवादी मात्र रेव्हेल नव्हेत, चित्रपट-कंपनीचे वेळापत्रक.