जिभेला विचारू नका

कॉइल कधी बदलायची, असं कुणालाही विचारा. उत्तर एकच येतं: चव बिघडली की. इथे लीड्समध्ये व्हेपच्या दुकानातला काउंटरमागचा मुलगा हेच सांगतो. स्वतःच्या कॉइल स्वतः वळणारा माझा ऑफिसमधला टेस्टर मित्र हेच सांगतो. मीसुद्धा दोन वर्षं येईल त्याला हेच ज्ञान वाटत होतो. हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि तो सगळ्यांना इतका आवडतो याचं कारण तो आपल्या सोयीचा आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हेपमध्ये बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याच्या पोटातून कापूस ओवलेला असतो. कापूस लिक्विड पितो, बॅटरी तार तापवते, वाफ होते. बहुतेक लोक तयार कॉइल विकत घेतात आणि फेकतात. आमच्यासारखे काही हौशी तार स्वतः वळतात. पाच-सहा वेढे, दोन स्क्रू, कापसाची वात. कापूस खराब झाला की उपटायचा, तार कोरडीच तापवून लाल करायची, काजळी जाळायची, ब्रशने घासायची, नवा कापूस ओवायचा. याला ड्राय बर्न म्हणतात. तयार कॉइल मेली की मेली. ही मात्र दर वेळी लालबुंद होऊन नव्यासारखी दिसते, आणि गोची तिथेच आहे.

(तुम्ही सिगारेट ओढत नसाल तर हे वाचून तार आणायला जाऊ नका. हा लेख आधीच अडकलेल्यांसाठी आहे.)

मित्राचा लाडका युक्तिवाद असा की कँथल तार मरत नाही. त्यात तथ्य आहे. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा हा मिश्रधातू स्वीडनमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झाला तो भट्ट्या आणि हीटरसाठी. तापला की त्याच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो थरच आतल्या धातूला सांभाळतो. "भट्टीत वर्षानुवर्षं टिकते, तुझ्या टँकमध्ये काय होणार तिला?" असं तो विचारतो. अरे बाबा, भट्टीतल्या तारेवर कुणी दिवसातून शेकडो वेळा साखरेचा पाक ओतत नाही. आणि भट्टीतल्या तारेला तोंड लावून श्वास तर कुणीच घेत नाही.

कारण लिक्विड म्हणजे नुसतं ग्लिसरिन आणि प्रोपिलिन ग्लायकॉल नव्हे. गोड फ्लेवरमध्ये बऱ्याचदा सुक्रालोज असतं. त्याची धड वाफ होत नाही, ते तारेवर करपून बसतं. टपरीवरचं चहाचं पातेलं आठवा. रोज घासलं जातं, तरी आतून काळं ते काळंच. त्यात आम्हाला साधी तार पुरत नाही, क्लॅप्टन हवी: जाड तारेभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळलेली. चव छान देते. पण तिच्या फटीफटीत जी काजळी जाते तिथे ब्रशचा केसही पोचत नाही. लाल केली की वरून चकाकते, म्हणून आपण खूश.

आता जिभेचं बघू. २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटं संशोधनपत्र आलं. पाच व्होल्टवर चालवलेल्या उपकरणाच्या वाफेत फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली होती, ३.३ व्होल्टवर नाही. मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी ग्रीसमधल्या फारसालिनोस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आल्डिहाइडचं प्रमाण असं चढतं ते मुख्यतः कापूस कोरडा पडून तार जळते तेव्हा, ज्याला ड्राय पफ म्हणतात. आणि तो झुरका इतका घाण लागतो की माणूस तो घेतच नाही. आमचे लोक हे छातीठोकपणे सांगतात. मलाही ते पटतं. पण त्यातून सिद्ध काय होतं? जिभेला धक्का कळतो, एवढंच. कॉइल धक्का देऊन मरत नाही. ती रोज चिमूटभर मरते, आणि जीभ रोज चिमूटभर सवय करून घेते.

हे मला कळलं ते पुण्याला जाऊन आल्यावर. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. (टपरीवर सिगारेट मात्र सुटी मिळते. त्यावर वेगळं भांडेन.) म्हणून सामान लीड्सलाच ठेवून गेलो आणि तीन आठवडे निकोटिनचं च्युइंगगम चघळत काढले. परत आल्यावर पहिलं काम म्हणजे मशीन हातात घेतलं. जायच्या आदल्या रात्रीच नवा कापूस घातला होता आणि मित्राला म्हणालो होतो, "अजून महिनाभर जाईल ही." पहिला झुरका घेतला आणि सिंकवर धावलो. करपलेल्या दुधाची खरवड, वर गंजकी पट्टी चाटल्यासारखं काहीतरी. आधी वाटलं, पडून पडून कापूस खराब झाला. तो बदलला, त्याच बाटलीतलं लिक्विड घातलं. तीच चव. मग त्याच लिक्विडवर नवी तार लावली, तर वास साफ. म्हणजे लिक्विड नाही, कापूस नाही. तार तीच होती, बदलली होती माझी जीभ. जाण्याआधी कितीतरी दिवस मी ते आनंदाने ओढत होतो.

यावर दुकानदार टाळी वाजवेल. म्हणून तर आम्ही सांगतो, दर आठवड्याला नवी कॉइल घ्या! थांबा. २०१८ साली जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी बाल्टिमोरमधल्या ५६ व्हेपकऱ्यांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या लिक्विडपेक्षा तापून निघालेल्या वाफेत क्रोमियम, निकेल, शिसं असे धातू जास्त सापडले, म्हणजे ते कॉइलकडून येत होते. आणि ज्यांच्या कॉइल वारंवार बदलल्या जात होत्या त्यांच्याकडे धातूंचं प्रमाण उलट जास्त असल्याचा कल दिसला. नवी तार म्हणजे गंगास्नान नव्हे. कंजूष मित्राचंही चूक आणि गल्ला भरणाऱ्याचंही. १ जून २०२५ला ब्रिटनमध्ये एकदाच वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली, त्यामुळे कॉइल म्हणजे काय हेच माहीत नसलेले कितीतरी लोक आता भरायच्या मशीनकडे वळलेत आणि या दोघांच्या तावडीत सापडलेत.

मग ठरवायचं कसं? जो आरोपी त्यालाच न्यायाधीश करायचं नाही. निर्णय तल्लफ नसताना, आधीच, आकड्यांत लिहून ठेवायचा. मी प्रत्येक तारेला नंबर देतो आणि शीटमध्ये दोनच गोष्टी लिहितो: थंड असताना किती ओहम, आणि नवा कापूस किती दिवस टिकला. दुसरा आकडा सोन्यासारखा आहे. नव्या तारेवर पहिला कापूस माझ्याकडे सहा दिवस जातो. ड्राय बर्ननंतरचा पाच, मग पुन्हा पाच, मग चार. ज्या दिवशी नवा कोरा कापूस तीन दिवसांत काळा पडतो, त्या दिवशी तार बाद. चव कशीही लागो. ओहमचा आकडा कँथलमध्ये फारसा हलत नाही. हलला तर आधी स्क्रू आवळून बघायचा, तरी जागेवर येत नसेल तर तार झिजली समजा. ड्राय बर्न करताना कमी पॉवरवर ती मधून दोन्हीकडे सारखी लाल व्हायला हवी. एखादाच वेढा आधी पेटतो, सिरॅमिकच्या चिमट्याने दाबून सारखा केला तरी पुन्हा पेटतो, तर कापूस वाया घालवू नका. आणि हे सगळं कँथल, निक्रोमचं. टायटॅनियम किंवा शुद्ध निकेलची तार कोरडी लाल करायचीच नसते.

मित्र हसतो. आठ-दहा पेन्सच्या तारेसाठी स्प्रेडशीट! तार आठ-दहा पेन्सचीच आहे, मग ती जपायला एवढी कारणं कशाला शोधतोस, हे तो सांगत नाही. मला कारण माहीत आहे, कारण तेच माझंही होतं. दिवसाला पंधरा सिगारेटी ओढणारा मी, या यंत्राने त्या सोडवल्या, आणि मला ते माझं कौशल्य वाटायला हवं होतं. स्वतः वळलेली तार टाकायची म्हणजे आपण पुन्हा साधे गिऱ्हाईक झालो. म्हणून "अजून चालतेय" म्हणायचं. सिगारेटीबद्दलही मी असंच काहीतरी म्हणायचो, सकाळचा खोकला धुळीचा आहे म्हणून.

परवा तो घरी आला होता. त्याचं मशीन मागून घेतलं, एक झुरका ओढला आणि काही न बोलता परत दिलं. "काय?" म्हणाला. मी म्हटलं, ही तार कधीची? त्याला आठवेना. मग माझा ओहममीटर आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्यासमोर ठेवला. अर्धा तास वाद घालून त्याने शेवटी स्क्रू सैल केला, चिमट्याने तार ओढली, तर एक पाय स्क्रूपाशीच तुटून आत राहिला.