ताई सांगते ते घरगुती, सर सांगतात ते शास्त्र?

मागच्या महिन्यातली गोष्ट. पीकविम्याच्या बातमीसाठी तहसीलला थांबलो होतो. साडेअकराच्या सुमारास आईचा फोन. "अण्णा घामानं निथळायलेत, काहीबाही बोलायलेत, लवकर ये." गाडी पिटाळली. शेजारच्या मेडिकलवाल्या पोरानं मशीन आणून बोटाला सुई टोचली, तर शुगर ४८. अण्णा शुद्धीत होते म्हणून लगेच साखरेचं पाणी पाजलं आणि दवाखाना गाठला. संध्याकाळपर्यंत माणसात आले. वय ७२. आणखी थोडा उशीर झाला असता तर, हा विचार अजून रात्री उठवतो.

झालं होतं एवढंच, की शुगरची गोळी नेहमीसारखी सकाळी घेतली आणि नाश्ता बंद केला. मधुमेहाच्या काही गोळ्या शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न असो नसो, गोळी तिचं काम करत राहते आणि रक्तातली साखर खाली खाली जाते. अण्णांची गोळी त्यातलीच.

नाश्ता बंद करायचा सल्ला दिला स्टँडमागच्या कट्ट्यावरच्या एका निवृत्त साहेबांनी. "सकाळी नुसतं मेथीचं पाणी, मग डायरेक्ट दोनला जेवण. माझं दहा किलो उतरलं." साहेब भला माणूस, हेतू अजिबात वाईट नाही. फक्त त्यांना शुगर नाही आणि ते कसलीच गोळी घेत नाहीत.

पण ही पोस्ट साहेबांबद्दल नाही. अण्णांबद्दल आहे, आणि माझ्याबद्दल.

त्याच्या दोन महिने आधी अण्णांना घेऊन जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात गेलो होतो. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, बाजूच्या खोलीत आहारतज्ज्ञ आहेत, त्यांना भेटून जा. आत एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी बसलेली. अण्णांनी दारातूनच बघितलं आणि आईला म्हणाले, "स्वयंपाकाचं दिसतंय. तू ऐकून घे." स्वतः बाहेर बाकावर पेपर उघडून बसले. मी कॉरिडॉरमध्ये फोनवर. साखर अण्णांच्या रक्तात आणि सल्ला ऐकायला आई एकटी!

त्या मुलीनं लिहून दिलेला कागद आमच्या फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली लावलेला होता. दवाखान्यातून परत आल्यावर मी तो पहिल्यांदा नीट वाचला. तिसरी ओळ, खाली लाल पेनानं रेघ मारलेली: 'या गोळीवर उपाशी राहू नये. नाश्ता चुकवायचा असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.' आई म्हणाली, "तिनं दोनदा सांगितलं होतं मला. मी यांना सांगितलं तर म्हणाले, ती कालची पोरगी, तिला काय कळतंय."

बघा, कालच्या पोरीला कळत होतं. चार वर्षं शिकून आली होती ती. कट्ट्यावरच्या साहेबांचं शिक्षण वेगळं, नोकरी वेगळी, अनुभव स्वतःच्या पोटापुरता. तरी अण्णांनी तिचं सोडून त्यांचं ऐकलं. कारण आपल्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलाय. आहाराबद्दल बाई बोलली की ती रेसिपी, पुरुष बोलला की ते विज्ञान.

अण्णांना नावं ठेवायला मी कोण? वीस वर्षं बातमीदारी करतोय, माझी कात्रणं काढून बघितली. आहारावर डॉक्टर सर बोलले, तेव्हा बातमी 'आरोग्य' पानावर, शीर्षकात 'तज्ज्ञांचा सल्ला'. आहारतज्ज्ञ बाई बोलल्या, तेव्हा बातमी महिला दिनाच्या पुरवणीत, शेजारी उपवासाच्या थालीपिठाची कृती. एका बाईंचं तर मी आडनावही छापलं नव्हतं, नुसतं 'ताईंनी मार्गदर्शन केले'. सरांची पदवी मात्र स्पेलिंग तपासून छापली होती. कुणी सांगितलं नव्हतं मला असं करायला. आपोआप झालं, आणि हे आपोआप होणंच जास्त वाईट आहे.

आता मोठं उदाहरण घेऊ, सगळ्यांना आठवेल असं. काही वर्षांपूर्वी अख्ख्या महाराष्ट्रात 'दीक्षित की दिवेकर' हा वाद पेटला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणायचे दिवसातून दोनदाच जेवा, ऋजुता दिवेकर म्हणायच्या थोड्या थोड्या वेळानं खा. लग्नाच्या पंगतीत लोक पक्ष सांगून जेवायला बसत होते. मतभेद असणं चांगलंच. पण आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोघांबद्दल काय भाषा होती, ती आठवा. एक 'दीक्षित सर', 'डॉक्टरसाहेब'. दुसरी 'ती करीनाची डाएटिशियन'. त्या बाईंनी या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलंय, पुस्तकं लिहिलीत. पण त्यांची ओळख काय, तर एका नटीला बारीक करणारी. दोघांपैकी कुणाचं पटावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं म्हणणं एवढंच, की एकाचा मुद्दा तपासला गेला आणि दुसरीची आधी इयत्ता काढली गेली.

बाईच्या बाबतीत आणखी एक परीक्षा असते, तिच्या अंगाची. आमच्या भागातली एक आहारतज्ज्ञ मला म्हणाली होती, "दादा, बाळंतपणानंतर माझं वजन वाढलं तर पेशंट तोंडावर विचारायला लागले, मॅडम तुम्ही स्वतः डाएट करत नाही का?" पोट सुटलेले पुरुष डॉक्टर 'वजन कमी करा' म्हणतात तेव्हा कुणी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बोट दाखवत नाही. बारीक असली तर 'हिला काय माहीत भूक', जाड असली तर 'आधी स्वतःचं बघ', तरुण असली तर 'कालची पोरगी', वयस्कर असली तर 'आजीबाईचा बटवा'. पास व्हायचं तरी कसं?

आणि हा साचा पुरुषांनाही सोडत नाही. ओळखीतल्या एका मुलानं आहारशास्त्रात पदवी घेतली. गावात चेष्टा, "इतका खर्च करून पोळ्या लाटायला शिकला काय?" दवाखान्यात नोकरीला गेला तर ऐकावं लागलं, की बाळंतिणी पुरुषाशी मोकळं बोलत नाहीत, आम्हाला मॅडमच पाहिजेत. शेवटी तो जिममध्ये लागला. तिथे त्याच्या दंडाकडे बघून लोक सल्ला घेतात, पदवी कुणी विचारत नाही. मालकाची अपेक्षा एकच, महिन्याला प्रोटीन पावडरचे इतके डबे खपले पाहिजेत. म्हणजे जिथे त्याच्या शिक्षणाची गरज होती तिथे त्याला पुरुष म्हणून जागा नाही, आणि जिथे पुरुष म्हणून जागा आहे तिथे शिक्षणाची गरज नाही. काय बोलायचं!

आहाराचं शास्त्र म्हणजे बायकांचं घरगुती ज्ञान, असं ज्यांना वाटतं त्यांनी डॉ. कमला सोहोनी हे नाव वाचावं. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची धाकटी बहीण. १९३३ साली मुंबईहून पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा नोबेल मिळालेल्या सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. मग अटी घालून प्रवेश मिळाला, पहिलं वर्ष उमेदवारीचं. तिथे त्यांनी दुधातल्या आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत आणि मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, डाळी, तांदूळ अशा गरिबाच्या ताटातल्या अन्नाचा अभ्यास केला. मराठी वाचकासाठी आहारावर पुस्तकही लिहिलं. आपल्या शाळेच्या भिंतीवर रामन यांचा फोटो आहे, असायलाच पाहिजे. सोहोनीबाईंचा किती शाळांत आहे?

हे झालं मोठ्या लोकांचं. आता आपल्या गल्लीत येऊ.

या तालुक्यात आहाराचा सल्ला सगळ्यात जास्त कोण देतं? डॉक्टर नाही, यूट्यूबवाला नाही. अंगणवाडी सेविका देते. १९७५ पासून देशात ही योजना चालू आहे. सहा महिने झाले की बाळाला वरचं खाणं सुरू कर, खिमट घट्ट दे, त्यात चमचाभर तेल घाल, गरोदरपणात लोहाच्या गोळ्या चुकवू नको, हे सगळं दारोदार जाऊन सांगते ती. आणि ऐकतं कोण? सून ऐकते, पण पैसे नवऱ्याच्या हातात आणि शब्द सासूचा. नवरा अंगणवाडीच्या बैठकीला कधी येत नाही, कारण तो 'बायकांचा कार्यक्रम'.

तिला आपण म्हणतो काय? 'सेविका'. तिला मिळतं काय? पगार नाही, 'मानधन'. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका संपावर गेल्या, तो संप दीड महिन्याहून जास्त चालला. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते असं सांगितलं, तरी रस्त्यावर उतरायची वेळ येते. काम आईसारखं आहे असं म्हटलं, की आईला जेवढा पगार असतो तेवढाच द्यायला सरकार मोकळं!

सप्टेंबरात पोषण महिना असतो. गेल्या वर्षीची एक पत्रिका माझ्याकडे आहे. 'प्रमुख मार्गदर्शक' म्हणून पाच नावं, पाचही पुरुष, त्यातला एकही आहारशास्त्र शिकलेला नाही. खाली बारीक अक्षरात 'उपस्थिती : सर्व अंगणवाडी ताई व मदतनीस'. ज्या बाईनं वर्षभर शंभर पोरांची वजनं घेतली ती सतरंज्या अंथरत होती, आणि ज्यांनी कधी वजनकाटा बघितला नाही ते माईकवर होते. बातमी मीच केली होती. पाचही नावं छापली.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, मानपानाचाच प्रश्न आहे. नाही हो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. ३६.१ टक्के कमी वजनाची. १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय. याला गरिबी आहे, पाणी आहे, लहान वयातली लग्नं आहेत, सगळं आहे. पण ज्या बाईला उपाय माहीत आहे तिचं घरातल्या कर्त्यानं ऐकून न घेणं, हेही त्यात धरा.

आणखी एक. आहार म्हणजे बायकांचं खातं, असं एकदा ठरलं की दोषही बायकांच्याच खात्यात जातो. अण्णांची शुगर वाढली की आत्या आईला बोलते, "वहिनी, दादाच्या खाण्याकडे लक्ष दे जरा." अण्णा कट्ट्यावर गुळाचा चहा आणि पाव किलो शेव रिचवून येतात, त्याचा जाब आईनं द्यायचा! बहात्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या तोंडात काय जातं याला जबाबदार नाही, आणि ज्या बाईच्या हातात पैसा नाही ती जबाबदार.

बाई सांगते म्हणून सगळं खरं, असंही मी म्हणत नाही. इन्स्टावर 'पंधरा दिवसात पाच किलो' विकणाऱ्या बायकाही आहेत. एमबीबीएसला आहारशास्त्र हा स्वतंत्र विषय नसतो, हेही लक्षात ठेवा. २०२१ मध्ये संसदेनं आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञ धरलेत. तेव्हा सल्ला देणारा पुरुष असो की बाई, तीन प्रश्न विचारा. शिक्षण काय झालंय? माझा आजार आणि माझ्या गोळ्या तुम्ही बघितल्यात का? आणि तुम्ही मला काही विकताय का? तीन प्रश्नांत सगळं कळतं. त्यासाठी माणसाचं लिंग, दंड, कंबर बघायची गरज नाही.

आणि या सप्टेंबरात कार्यक्रम घेणाऱ्यांना हात जोडून विनंती. एक तरी अंगणवाडी सेविका माईकवर बोलवा, पत्रिकेत पूर्ण नाव छापा, आणि समोरच्या खुर्च्यांवर बापांना बसवा. बातमी मी करतो, शब्द देतो. नाव तिचं पहिलं असेल.

पुढच्या गुरुवारी अण्णांची दवाखान्याची तारीख आहे. आहारतज्ज्ञ मॅडमच्या खोलीत या वेळी अण्णा बसणार आहेत, कुरकुर करत का होईना कबूल झालेत. मीही बसणार आहे, फोन बंद करून. आई म्हणाली, "मग मी बाहेर बसून पेपर वाचते."

तुमच्या घरात सल्ला कोण ऐकतं आणि पथ्य कोण पाळतं, खाली लिहा. नावं नकोत, अनुभव लिहा.