नापास कोण, विद्यार्थी की व्यवस्था?

गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांची आपल्या देशात वाण नाही. मागासवर्गीय विद्यार्थी पहिल्याच वर्षी इंग्रजीत किंवा गणितात अडकला की 'यांना झेपत नाही' असे म्हणून ही मंडळी मोकळी होतात. नापास विद्यार्थी झाला की त्याला शिकवणारी व्यवस्था, हा प्रश्न ते कधीच विचारत नाहीत. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांना हा प्रश्न स्वतःला विचारावा लागला. त्यातून जे उत्तर निघाले ते आपल्या चळवळीने समजून घ्यावे असे आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे, कमी फीचे सरकारी कॉलेज. तेथे प्रवेशाला टक्केवारीची चाळणी नाही. कृष्णवर्णीय, लॅटिनो, स्थलांतरितांची मुले, दिवसभर राबून शिकणारे कामगार असा कष्टकरी वर्ग तेथे मोठ्या संख्येने येतो. ही दारे कोणी दयेपोटी उघडली नाहीत. १९६९ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजचा ताबा घेऊन संघर्ष केला. त्यानंतर १९७० पासून सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील प्रत्येक हायस्कूल उत्तीर्ण विद्यार्थ्याला प्रवेश देण्याचे धोरण अमलात आणले. अवघ्या सहा वर्षांत, १९७६ साली, आर्थिक संकटाचे कारण सांगून तेथील मोफत शिक्षण बंद झाले. वंचितांची मुले दारात आली की तिजोरी रिकामी होते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

पण प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे होत नाही. एका चाचणीवरून 'कच्चे' ठरवलेल्या विद्यार्थ्यांना उजळणी वर्गात बसवले जाई. त्यात पैसा जाई, वेळ जाई, पण पदवीच्या खात्यात काहीच जमा होत नसे. एक पायरी झाली की दुसरी. पदवीच्या गणिताच्या पहिल्या पेपरापर्यंत पोहोचण्याआधीच असंख्य मुले गळून पडत. मदतीच्या नावाने बांधलेली पायरीच अडसर ठरली होती.

टेनेसी राज्याने २०१५ साली ही उतरंड मोडली. विद्यार्थ्याला थेट पदवीच्या वर्गात बसवायचे आणि त्याच सत्रात जोडीला जादा तास देऊन उणीव भरून काढायची. पूर्वी उजळणीला पाठवलेल्यांपैकी वर्षभरात पदवीचा गणिताचा पेपर सोडवणारे शेकडा १२ च्या आसपास होते, ते ५० च्या घरात गेले. कॅलिफोर्नियानेही २०१७ साली कायदा करून एका चाचणीऐवजी हायस्कूलमधील कामगिरीला महत्त्व दिले. मुले तीच होती. बदलली ती शिकवण्याची रीत.

मात्र एवढ्यावर टाळ्या पिटून चालणार नाही. पेपर सुटला तरी टेनेसीत पदवीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण त्या मानाने वाढले नाही, असे पुढील अभ्यासात आढळले. कारण उघड आहे. गणित सुटले तरी बसभाडे, पुस्तके आणि नोकरीची वेळ हे प्रश्न सुटत नाहीत. हे ओळखून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. फीची तूट भरून देणे, पुस्तकांचा खर्च, रेल्वे-बसचा मोफत पास, सोयीच्या वेळी सलग तास, शिकवणीची मदत आणि ६० ते ८० विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार. गरीब आणि 'कच्च्या' ठरवलेल्या विद्यार्थ्यांवर याची काटेकोर पाहणी झाली. २०१५ च्या अहवालानुसार तीन वर्षांत पदवी मिळवणारे शेकडा २२ वरून ४० वर गेले. प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण प्रत्येक पदवीमागे तो उलट कमी झाला.

ज्या न्यूयॉर्कमध्ये १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, तेथील हा प्रयोग आहे. पण त्यामागचा विचार बाबासाहेबांनी कितीतरी आधी कृतीत आणला होता. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. कॉलेजचे वेळापत्रक कामगाराच्या दिनक्रमाप्रमाणे बेतणे, ही अध्यापनातील क्रांतीच होती.

आज आपल्याकडे काय चालले आहे? शिष्यवृत्ती वर्ष सरता सरता जमा होते, कंत्राटी प्राध्यापकाला पुढच्या सत्राची शाश्वती नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय केली. या दारातून कोणाची मुले बाहेर पडतील, हे सांगायला ज्योतिषी नको. बाहेर जाण्याचे दार रुंद आणि आत टिकवणारा हात मात्र नाही, याला आम्ही सुधारणा मानत नाही.

म्हणून आरक्षणाच्या रक्षणाबरोबरच प्रवेशानंतरचा लढाही चळवळीने हाती घेतला पाहिजे. शिष्यवृत्ती सत्राच्या सुरुवातीला मिळावी, प्रवासाचा पास व पुस्तके मिळावीत, ठरावीक विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ मार्गदर्शक असावा आणि प्रत्येक कॉलेजने किती मुले घेतली याबरोबर किती पदवीपर्यंत नेली हेही जाहीर करावे. फुले-शाहू-आंबेडकरांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी आणि आपल्या प्राध्यापक बांधवांनी याची सुरुवात स्वतःच्या वर्गापासून करावी. सरकारकडे मागणी करण्याचा आपला अधिकार त्याने अधिकच बळकट होईल.