विडी विचारतो, काम विचारत नाही

वर्षभराचा कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप घेऊन पंचेचाळिशीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. क्षयाची औषधे घेऊन झाली होती. थुंकीत जंतू मात्र कधीच सापडले नव्हते. विडी ओढता का, हे प्रत्येक डॉक्टरने विचारले होते. काम काय करता, हे कोणीच नाही. (मीही ते दुसऱ्या भेटीत विचारले.) सोळा वर्षे ते रबरी ट्यूबा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांवर शंखजिरे मारीत होते.

शंखजिरे म्हणजे टाल्क. हाताला इतके मऊ, की ते इजा करील असे वाटतच नाही. पण वर्षानुवर्षे श्वासातून गेलेले त्याचे बारीक कण फुप्फुसात साठतात, भोवती व्रण धरतो आणि फुप्फुस ताठर होते. हा टाल्कोसिस. तो मुळापासून बरा करणारे औषध नाही.

कर्करोगाबद्दल मात्र जपून बोलायला हवे. काही खाणींत टाल्कबरोबर ॲस्बेस्टॉसही निघते. अशा मिश्र टाल्कने कर्करोग होतो, याबद्दल वाद नाही. शुद्ध टाल्कचे तसे नाही. न्यूयॉर्क राज्यातील टाल्क खाणकामगारांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त आढळला, इटलीतील व्हाल किसोनेच्या खाणकामगारांत तो वाढलेला दिसला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ साली टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. पण माणसांतला त्यामागचा मर्यादित पुरावा बीजांडकोशाच्या कर्करोगाचा आहे, फुप्फुसाच्या नव्हे.

'मग सिद्ध कुठे झाले?' असे एका कारखानदाराने मला ऐकवले. माणसाचा दम कोंडायला कर्करोगच व्हावा लागतो काय? विडी सोडलीच पाहिजे, पण विडीच्या आड कारखान्याची धूळ लपवू नये. कोरड्या भुकटीऐवजी पाण्यात कालवलेला लेप वापरता येतो. धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारा पंखा बसवता येतो. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवीत नाही, आणि कोरड्या झाडूने तर बसलेली धूळ पुन्हा उडते.

त्या गृहस्थांनी पॅकिंगला बदली मागून घेतली. त्यांच्या जागी आता त्यांचा पुतण्या लागला आहे. त्याचा एक एक्स-रे आताच काढून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल, असे मी सांगितले आहे. धुळीत काम करणाऱ्या वाचकांनी डॉक्टरांकडे जाताना गोणीवरचे नाव आणि कामाची वर्षे चिठ्ठीवर लिहून न्यावीत. आम्ही विचारले नाही, तरी ती चिठ्ठी पुढे करावी.