कूलरला विचारा तीन प्रश्न

बालदोस्तांनो, ‘डिझाइन’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मेंदी, रांगोळी, साडीचा काठ! पण औद्योगिक डिझायनरचं काम निराळं बरं का. बादलीची कडी हाताला रुतू नये, कुकरचं झाकण आजीलाही सहज लागावं, वस्तू मोडली तर दुरुस्त व्हावी, याचा विचार करणारा तो माणूस. हे शिकून नुकतीच कामाला लागलेली एखादी ताई किंवा दादा पेन्सिल हातात घेण्याआधी काय करत असेल? तर अटी लिहून काढत असेल. वस्तू कुणासाठी, केवढ्याला आणि किती वर्षांसाठी?

अशा अटींचा एक झकास कागद आपल्या इतिहासात आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे लाख रुपये! अटी ऐका. चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यायला हवा. बाईमाणसाला फार न दमता रोज ८ तास चालवता आला पाहिजे. तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघालं पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या आत. चरखा २० वर्षं टिकावा आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. करा बरं हिशेब! १५० रुपयांचे ५ टक्के म्हणजे फक्त साडेसात रुपये.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही. किर्लोस्करवाडीहून काळे यांचा चरखा आला होता, तोही कसोटीला उतरला नाही. पण त्याच सुमारास येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी पेटीत मिटणारा छोटा चरखा सुधारून घेतला. एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाकं, म्हणून जागा कमी लागते. पेटी मिटली की उचलून चालू पडायचं. त्याला नावच पडलं ‘येरवडा चक्र’.

त्या कागदातून आपण तीन प्रश्न उचलू या. वापरणाऱ्याला ती वस्तू झेपते का? बिघडली तर गावात दुरुस्त होते का? आणि तिला रोज काय काय खायला-प्यायला लागतं?

आता हे प्रश्न विचारायचे कुणाला? कन्हानमध्ये मे महिन्यात घरोघर घरघरणाऱ्या कूलरला! पारा ४५ च्या पुढे गेला की त्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही. ओल्या ताट्यांमधून कोरडी गरम हवा आत येते. पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, म्हणून गारवा. हवा आधीच दमट असेल तर पाण्याची वाफ होणार कशी? म्हणूनच पावसाळ्यात कूलर नुसता चिकचिकाट करतो.

तिसऱ्या प्रश्नाला कूलर निम्मा पास होतो. त्याला साधारण २०० वॅट वीज पुरते, एसीला हजार वॅटच्या आसपास लागते. पण पाणी? दिवसाला कित्येक बादल्या! आपल्या कन्हान नदीचं पाणी नागपूरच्या नळांनाही जातं. एकेक कूलर प्यायला लागला तर नदीने किती जणांना पुरावं?

दुसऱ्या प्रश्नाला मात्र पैकीच्या पैकी. पत्रा गंजला तर कोपऱ्यावरचा वेल्डर ठिगळ लावतो. ताट्या बदलल्या की कूलर पुढच्या उन्हाळ्याला तयार.

पहिल्या प्रश्नालाच तो अडखळतो. टाकी भरायला आई वाकून बादल्या ओतते. पाणी किती उरलं ते बाहेरून दिसत नाही. आणि पत्र्याची पेटी, आत पाणी, त्यातच विजेचा पंप! कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. मग पेटी प्लास्टिकची केली तर? प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, पण तडा गेला की वेल्डरकाका हात वर करतात. एक अट पाळावी तर दुसरी रुसते. डिझायनरची खरी परीक्षा इथेच होते.

नवा कूलर येईल तेव्हा येईल. आईबाबांनो, तोवर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. मुलांनो, पाणी भरण्याआधी मोठ्यांना बटण बंद करून प्लग काढायला सांगा. चालू कूलरला ओला हात लावायचा नाही म्हणजे नाही! शिवाय आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करायला हवी. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात.

आता तुमचं काम. रविवारी वही घेऊन तासभर बसा. घरातला कूलर कोण भरतं, किती वेळा वाकतं, पाणी कुठे सांडतं, ते नुसतं बघा आणि लिहा. मग आईला, आजीला विचारून तुमच्या कूलरच्या अटी लिहा. चित्र त्यानंतर काढायचं!

ज्यांना यात गोडी वाटेल, त्यांनी दोन नावं वहीच्या मागे लिहून ठेवावीत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली सुरू झाली आणि मुंबईत पवईला आयआयटीमधलं डिझाइन केंद्र १९६९ साली. मोठेपणी तिथे शिकता येतं. चित्रकला चांगली हवीच, पण बादली उचलणाऱ्याची पाठ दुखते हे आधी दिसायला हवं.