खोकल्याआधीच हृदय तपासा

दहा वर्षांचा पॉमेरेनियन रात्री खोकू लागला, की ‘वय झाले’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. लहान चणीच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाची मायट्रल झडप जाड होते, नीट मिटत नाही आणि रक्त मागे फिरते. या गळतीचा आवाज, म्हणजे ‘मर्मर’, स्टेथोस्कोपने बरेचदा खोकल्याच्या काही वर्षे आधीच ऐकू येतो. पण लसीकरणाला गेल्यावर सुई टोचून परतायची आपल्याला घाई! छातीही तपासा, असे मालकानेच सांगावे.

लाभ मोठा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ चाचणीत हृदय मोठे झालेले, पण लक्षणे नसलेले ३६० कुत्रे होते. पिमोबेंडान दिलेल्यांत हृदय निकामी होणे सुमारे १५ महिने लांबले. अर्थात, नुसत्या मर्मरवर गोळी सुरू करायची नसते. हृदय वाढले आहे का, हे एक्स-रे वा इकोनेच कळते. डॉबरमनचे दुखणे निराळे, हृदयाच्या स्नायूचे. त्यात मर्मर नसूही शकतो. ईसीजी आणि इकोच हवेत.

घरी एक करता येते. कुत्रा गाढ झोपेत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. ते वारंवार ३० च्या वर गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.