नदीलाही बंदीचे दिवस हवेत

मृगाचा पहिला जोरदार पाऊस फोंडा घाटात कोसळला की त्याच रात्री व्हाळांच्या, म्हणजे ओढ्यांच्या, काठाने बॅटऱ्यांचे उजेड फिरू लागतात. चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे आलेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत खाली मालवणच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौका वर ओढून ठेवलेल्या असतात, कारण 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस समुद्रात त्यांना बंदी आहे. हा माशांच्या विणीचा काळ आहे, हे त्या बंदीचे एक मोठे कारण. ज्या कारणासाठी किनाऱ्यावर जाळी सुकत ठेवायची, त्याच कारणाने वर आलेल्या माशांवर नदीत तुटून पडायचे, असा उफराटा न्याय आपण वर्षानुवर्षे चालवून घेतला आहे.

चढणीचे मासे पकडणे हा घाटाखालच्या गावांचा जुना सोहळा आहे, हे आम्हाला मान्य आहे. वाडवडिलांनीही पकडले, मग आताच ओरड कशाला, हा प्रश्नही रास्त आहे. त्याचे उत्तर माणसांच्या संख्येत आणि साधनांत आहे. पूर्वी एका व्हाळावर एका वाडीतली चार घरे उतरत. घरात पुरेल तेवढे न्यायचे, कारण जास्त नेऊन ठेवायचे कुठे? आज मोबाइलवर निरोप फिरतो, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाहून दुचाक्या येतात आणि घरात फ्रीजर असतो. बांबूच्या सापळ्याच्या जागी बारीक आसाचे नायलॉनचे जाळे आले. बंधाऱ्याखाली अडलेल्या माशांना तर पळायलाही जागा नसते. त्याहून पुढची मजल म्हणजे बॅटरी-इन्व्हर्टरचा शॉक, ब्लीचिंग पावडर आणि जिलेटिन. यात बोटभर पिल्लूही वाचत नाही. अंड्यांनी भरलेली एक मादी चढणीला मारली की पुढच्या हंगामाचे पीक बियाण्यासकट खाल्ल्यासारखे होते.

या जुन्या ताणात आता हौशी गळवाल्यांची भर पडली आहे. गरी टाकून तासन्‌तास बसणारा माणूस कोकणाला नवा नाही. पण रीळ, रॉड आणि रबरी बेडूक घेऊन शनिवार-रविवारी कोंडी पालथ्या घालणारा वर्ग नवा आहे. त्याचे आवडते सावज मरळ. हा मासा हवेतला श्वास घ्यायला वर येतो आणि आपली पिल्ले राखतो. तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला की आईबाप खालीच असणार, हे सराईत गळवाल्याला पक्के ठाऊक असते. बेडूक थव्याशेजारी पडला की राखणीला असलेला मासा भुकेने नव्हे, रागाने झडप घालतो. फोटो झकास येतो. मागे उरलेला थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. याला कौशल्य म्हणायला आम्ही तयार नाही.

खडसाची गोष्ट आणखी गंभीर आहे. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर लिहिताना पुण्याजवळच्या नदीतल्या या माशाची शास्त्रीय नोंद केली. महाशीरच्या कुळातला हा मासा वाढायला वेळ घेतो, पावसाळ्यात वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या दगडगोट्यांत अंडी घालतो. अशा माशावर ताण आला की आधी मोठे मासे जातात, म्हणजे सर्वांत जास्त अंडी देणाऱ्या माद्या जातात. उरलेल्या लहानांवर काही वर्षे हौस भागते आणि ‘मासे आहेत की’ असा भ्रमही टिकतो.

उत्तर अमेरिकेतल्या गळवाल्यांना हा धडा मस्कीलंज नावाच्या माशाने शिकवला. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक लागतो, अशी त्याची ख्याती. उशिरा वयात येणारा, तळ्यात मुळातच थोड्या संख्येने असणारा हा शिकारी मासा दर हंगामाला उचलला जाऊ लागला, तेव्हा तिथले हौशी लोकच जागे झाले. 1966 मध्ये मिनेसोटात त्यांनी संघटना उभी केली आणि पकडलेला मस्की परत पाण्यात सोडण्याची रीत रुजवली. तिथे 2015 पासून बहुतेक पाण्यांत 54 इंचांहून, म्हणजे साडेचार फुटांहून, लहान मस्की घरी नेता येत नाही. आपल्याकडे अमेरिकेतले रीळ आले, ही शिस्त मात्र आली नाही. अर्थात सोडून देणे हाही रामबाण उपाय नव्हे. एप्रिल-मेच्या तापलेल्या, आटलेल्या कोंडीत दमवून, फोटोसाठी पाण्याबाहेर धरलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो.

धोक्याची घंटा वाजली की सरकारी थाटाचा एक उपाय ठरलेला असतो: बीज आणून सोडा. तो करण्याआधी कावेरीकडे पाहावे. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात वाढवलेले खडसाचे बीज 1970 च्या दशकापासून दूरवर गेले, कावेरीतही पोहोचले. केंद्राचे काम मोठे होते, हेतू चांगला होता. पुढे तिथल्या गळवाल्यांच्या 1998 ते 2012 च्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. आणलेला खडस वाढत होता. कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर कमी होत होता आणि गळाला लागणाऱ्या कुबड्यांचे सरासरी वजन मात्र वाढत होते. ऐकायला छान वाटते, पण अर्थ उलटा: म्हातारे तेवढे उरले होते, नवी पिढी येत नव्हती. 2018 मध्ये तो मासा अतिसंकटग्रस्त ठरला. आपल्या व्हाळांत काय होते आणि काय उरले, याची तर कुणी वहीही ठेवलेली नाही.

कायदा नाही असे नाही. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. मूळ शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. सव्वाशे वर्षांपूर्वी दोनशे रुपयांना वजन होते. आज तेवढ्यात जिलेटिन वापरणारा घाबरेल, असे कुणी मानत असेल तर धन्य आहे.

कायद्याआधी देवाने हे काम केले आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत आणि वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत देवस्थानाच्या धाकाने महाशीर राखले गेले. भाविक त्यांना खाऊ घालतात, गळ कुणी टाकत नाही. यासाठी कुठलाही निधी लागला नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. मृगापासून निदान चार आठवडे व्हाळात आणि नदीत जाळे, कोयती, गळ काहीही उतरू नये. प्रत्येक गावाने एक कोंड बारमाही राखून ठेवावी. पिल्लांजवळच्या मरळीला गळ लावू नये; मोठा खडस लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडावा. शॉक आणि जिलेटिनवाल्यांची नावे गावाला माहीत असतात; ती पोलीस पाटलापर्यंत जावीत. फोंडाघाटापासून गडनदीच्या कालावल खाडीपर्यंतच्या ग्रामपंचायतींनी हा विषय 1 मेच्या ग्रामसभेत घ्यावा. त्यानंतर मृगाला जेमतेम पाच आठवडे उरतात.